इस्त्रीचं खातं

३ मार्च, मंगळवार

आज मास्तरांना काढलं. एकवीस वर्षं या माणसाने कंपनीतल्या साडेअकरा हजार माणसांची नावं सांभाळली, आणि त्यांना पंधरा मिनिटांत निघायला सांगितलं. टेबलाच्या खणातून निघालं काय, तर चष्म्याचं घर, एक स्टीलचा पेला आणि डोकेदुखीचं मलम. मी खोकं धरायला गेले तर म्हणाले, "अगं राहू दे, जड नाहीये." खालच्या दारापर्यंत सोडून वर आले, तेव्हा आमचे साहेब काचेच्या खोलीत फोनवर हसत होते.

या साहेबांना सगळे मागून इस्त्री म्हणतात, कारण दिवसभर खुर्चीत बसूनही त्यांच्या शर्टाला चुणी पडत नाही. या वहीत यापुढे ते इस्त्रीच, आणि 'ते' नाही, 'तो'. इथे तरी मला मान द्यायची सक्ती नाही.

मी त्याला सोडणार नाही. मास्तर परत त्यांच्या खुर्चीत आणि हा दाराबाहेर, एवढं झाल्याशिवाय गप्प बसणार नाही. शाईने लिहून ठेवते आहे, म्हणजे उद्या मन मऊ पडलं तर वाचायला बरं.

५ मार्च, गुरुवार

आज डोकं जरा थंड आहे, म्हणून झालं काय ते नीट लिहिते.

आमचं काम म्हणजे डिरेक्टरी. कंपनीत कोण आहे, कुठे बसतं, कुणाच्या हाताखाली आहे, कुठलं दार त्याच्या कार्डाने उघडतं, कुठली फाइल त्याला दिसते, हे सगळं एका जागी लिहिलेलं असतं. दिवसभर तेच: कुणी पासवर्ड विसरलं, कुणाचं लग्नानंतर नाव बदललं, कुणाची बदली होऊनही जुन्या विभागाच्या फाइली त्याला दिसतायत. आणि नोकरी सोडून गेलेले, ज्यांची खाती भुतासारखी मागे राहतात.

इस्त्रीला या भुतांची सफाई करायची होती. नव्वद दिवसांत ज्यांनी लॉगिन केलं नाही त्यांची यादी करा आणि उडवा, असा हुकूम. मास्तरांची पद्धत वेगळी. आधी खातं नुसतं बंद करायचं, महिनाभर कोण ओरडतं बघायचं, मग पुसायचं. इस्त्री म्हणाला, महिना बिहिना नाही, सोमवारी. मग सोमवारी, १६ फेब्रुवारीला, चौदाशे बारा खाती पुसली गेली आणि ती भुतं नव्हती, बाहेरगावच्या पाच कारखान्यांतली जिवंत माणसं होती. फाटकं उघडेनात. काच वितळवायच्या भट्टीवरच्या लोकांना पडद्यावर आपलीच भट्टी दिसेना. भट्टी थंड होऊ देता येत नाही, तडकते. तीन दिवस त्यांनी ती हाताने, कागदावर तापमान टिपून चालवली. खाती परत आणली, पण कुणाला काय उघडायचा हक्क होता ते एकेक करून लावत बसावं लागलं.

मी त्या दिवसांत हॉस्पिटलात होते. त्या सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी आईचं ऑपरेशन झालं. कच्ची यादी तेवढी तिथल्या बाकावर बसून काढली, मास्तरांना मेल केली आणि आत धावले. पुढचं त्यांनी बघितलं असणार. मास्तर चौदाशे जिवंत माणसं यादीत ठेवतील हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही. इस्त्रीने त्या यादीत हात घातला, आणि अंगाशी आलं तेव्हा मास्तरांच्या डोक्यावर खापर फोडलं. याला फार अक्कल लागत नाही.

१० मार्च, मंगळवार

मास्तर गेल्यापासून डिरेक्टरीची मुख्य किल्ली, म्हणजे काहीही बदलायचा आणि पुसायचा हक्क, दोघांकडेच उरलीय. इस्त्री आणि मी. तो वापरत नाही, त्याला मीटिंगा असतात. मी वापरते.

आज फक्त एका माणसासाठी पासवर्डचा वेगळा नियम केला. बावीस अक्षरं, त्यात अंक हवेत, चिन्हं हवीत, आधीचा कुठलाही चालणार नाही, आणि दर दोन दिवसांनी नवा. जीव थंड झाला.

१२ मार्च, गुरुवार

इस्त्री दोन दिवसांत पाच वेळा लॉक झाला. खातं सोडवायला माझ्याच टेबलाशी यावं लागतं. मी त्याला उभं ठेवते आणि एका बोटाने टाइप करते.

"सोपा पासवर्ड ठेवत असाल," मी म्हटलं.

"ठेवत असेन," तो म्हणाला, आणि उभा राहिला. चिडलाही नाही. घुम्या आहे.

१७ मार्च, मंगळवार

डिरेक्टरीत प्रत्येकाच्या नावापुढे 'वरिष्ठ कोण' असा रकाना असतो. रजेचे अर्ज त्या रकान्यावरून पुढे जातात. आज जेवणघरातल्या सगळ्यांच्या रकान्यात इस्त्रीचं नाव घातलं. आता भांडी घासणारीला रजा हवी असली तरी घंटी काचेच्या खोलीत वाजणार.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, दिवसभर लोकांचे डोळे तपासतो आणि घरी येऊन माझे. म्हणाला, "त्या जेवणघरवाल्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

काही नाही मारलं. पण सूड घ्यायला बसल्यावर इतकं बारीक बघायचं नसतं.

१९ मार्च, गुरुवार

फजिती झाली, पण कुणाची ते मला कळत नाहीये. जेवणघराचा मुकादम महिनोन्महिने अर्ज दाबून ठेवायचा. ते तुंबलेले सतराच्या सतरा अर्ज इस्त्रीकडे गेले आणि त्याने सगळे मंजूर केले. आज जेवणघर बंद. आख्खी इमारत उपाशी, मीसुद्धा. वर भांडी घासणारी बाई जिन्यात गाठून सांगते, "ताई, तुमचे साहेब लई... खूप भले हो. दोन वर्षांनी लेकीकडे चाललेय मी." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

दुपारी त्याने बोलावलं. "रजेचे अर्ज माझ्याकडे कसे यायला लागले?"

"बघते."

"बघा. घाई नाही." मी दाराशी पोचले तेव्हा म्हणाला, "आईची तब्येत कशी आहे आता?"

याला माझी आई कुठून आठवली? घाबरलाय. मनात पाप असलं की माणूस असाच गोड बोलतो.

२५ मार्च, बुधवार

मास्तरांकडे जाऊन आले. दोन खोल्या, खिडकीखाली टेबल, त्यावर काकूंच्या शिवणाचं मशीन. मास्तर काकूंचे दोरे रंगांप्रमाणे डब्यात लावत बसले होते. एकवीस वर्षं जे केलं तेच, म्हटलं.

मी पासवर्डाची आणि रजांची गंमत सांगितली. काकू हसल्या. मास्तर हसले नाहीत. "असलं काही करू नकोस. तुझं काम चांगलं आहे, ते कर."

"तुमचं नाव घेऊन वर बोलले असते मी, पण पुरावा हवा."

"कशाचा?"

"त्याने यादी बदलल्याचा."

त्यांनी डबा बंद केला आणि विचारलं, "आई जिना चढते का आता?" मी म्हटलं चढते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चहा करायला उठल्या. चहा आधीच झालेला होता.

मास्तर पार खचलेत. त्यांना आता लढाही नकोसा झालाय, म्हणून मला दुप्पट लढायला हवं.

३१ मार्च, मंगळवार

देव पावला. मुख्य कार्यालयातून तपासणीबाई आल्यात. भट्टीवरच्या लोकांनी तक्रार लावून धरली म्हणून फेब्रुवारीचं प्रकरण पुन्हा उघडणार. बाई ठेंगण्या, बोलतात कमी आणि लिहितात फार. मला म्हणाल्या, "तुमच्याकडे काही असेल तर आणा." आहे की नाही ते बघतेच आता.

२ एप्रिल, गुरुवार

सापडलं.

आमचे सहा सर्व्हर आहेत, एक इथे आणि एकेक प्रत्येक कारखान्यात. नावं सगळ्यांकडे सारखी असतात. पण कोण कधी आत आलं आणि कुणी काय केलं, हे प्रत्येकजण आपापल्या वहीत लिहितो आणि दुसऱ्याला पत्ता लागू देत नाही. इथल्या सर्व्हरला विचाराल तर कारखान्यातला माणूस त्याने जन्मात पाहिलेला नसतो. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, कुणाबद्दल काहीही ठरवायच्या आधी सहाही जणांना विचार. म्हणून मी आज सहाही जणांना विचारलं, एकेकाची नोंद डोळ्यांत तेल घालून वाचली.

चौथ्यात मिळालं, त्याचं मशीन त्या दिवशी इथल्याऐवजी त्याला जोडलं गेलं होतं. १६ फेब्रुवारी, सकाळी ११ वाजून ४२ मिनिटं. चौदाशे बारा खाती पुसली, इस्त्रीच्या खात्यातून, इस्त्रीच्या मशीनवरून. मास्तरांनी नाही, त्याने स्वतः बटण दाबलं. तीन प्रती काढल्या आणि एक तपासणीबाईंच्या हातात दिली. त्यांनी दोनदा वाचली. म्हणाल्या, "हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

येताना मी जिना धावत उतरले. या वयात.

७ एप्रिल, मंगळवार

इस्त्रीची शुक्रवारी सुनावणी. मलाही बसायचंय. लोक आत्ताच त्याच्या काचेच्या खोलीसमोरून मान वळवून जातात. मला वाईट वाटायला हवं होतं की काय कोण जाणे, पण नाही वाटलं.

नवरा जेवता जेवता म्हणाला, "बटण त्याने दाबलं हे ठीक. पण यादी कुणाची होती?"

"त्याने बदललेली."

"हे कुठल्या वहीत लिहिलंय?"

मी ताट उचलून आत गेले. याला माझ्या ऑफिसातलं काय कळतं?

९ एप्रिल, गुरुवार

ऑफिसातून लवकर निघून मास्तरांकडे गेले. कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, उद्या तुमचं नाव स्वच्छ होणार. त्यांनी वाचला. मग विचारलं, "बाईंना दिलास हा?"

"दिला."

त्यांनी कागदाची घडी घातली. काकूंनी शिवण थांबवलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "सांगा आता तिला. पुरे झालं."

मास्तर म्हणाले, "यादी तुझीच होती. कुणी बदलली नाही."

"ती कच्ची होती."

"मी ती तशीच पुढे पाठवली. तुझ्या कामावर मी कधी दुसरी नजर टाकत नव्हतो."

मी म्हणणार होते की मी सहाही सर्व्हरांना विचारलं होतं. तेवढ्यात आठवलं. हॉस्पिटलच्या बाकावरून लाइन फक्त इथल्या सर्व्हरपर्यंत पोचत होती. बाकीचे पाच लागत नव्हते. ते नंतर विचारू असं ठरवून मी मेल टाकली, इतक्यात नर्सने हाक मारली. नंतर मी विचारलंच नाही. कारखान्यातली माणसं इथल्या वहीत नव्हती, म्हणून माझ्या हिशेबी ती नव्वद दिवसांत कामावर आलीच नव्हती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी विसरले.

"साहेबांना ठाऊक आहे?"

"त्यांनीच मेल वाचली, माझ्या मशीनवर. वरून हुकूम होता, यादी ज्याने केली आणि ज्याने पाठवली त्या दोघांना काढा. मी म्हटलं, तिची आई त्या वेळी ऑपरेशनच्या टेबलावर होती, यादी माझी म्हणा. मग म्हणाले, बरं."

"म्हणजे ते चांगले?"

"चांगले कशाला? महिनाभर थांबू दिलं असतं तर काही झालं नसतं. ते त्यांनाही कळतं." मग माझा हात धरला. "आता उद्या गप्प बस. मी गेलोय, एक पुरे."

घरी आल्यावर अर्धं पान नुसत्या रेघा मारल्या, ते फाडलं. मला लाज वाटते आहे हे खरं, पण त्याहून जास्त राग येतोय. दोन पुरुष एका खोलीत बसून माझं काय करायचं ते ठरवतात, आणि मला विचारायची कुणाला गरज वाटत नाही. मास्तरांचं सोसेन, ते मास्तर आहेत. पण इस्त्री! महिनाभर मी त्याला बावीस अक्षरं टाइप करायला लावली, आणि तो समोर उभा राहून, सगळं माहीत असून, माझ्या आईची चौकशी करत होता. जन्मभर त्या माणसाच्या उपकाराखाली राहायचं म्हणजे? त्यापेक्षा नोकरी गेलेली परवडली.

१० एप्रिल, शुक्रवार

लांब टेबल, चार खुर्च्या, पाण्याचे ग्लास झाकलेले. तपासणीबाई, कोपऱ्यात त्यांचा लेखनिक, इस्त्री आणि मी.

बाईंनी त्याच्यापुढे माझा कागद सरकवला. "बटण तुम्ही दाबलंत?"

"हो."

"मग मास्तरांना का काढलं?"

"यादी त्यांची होती."

"नक्की?"

"नक्की," तो म्हणाला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी गप्प बसले असते तर दहा मिनिटांत सगळं आटोपलं असतं. तो दाराबाहेर गेला असता, कदाचित मीच त्याच्या काचेच्या खोलीत बसले असते. खरं लिहायचं तर मला त्याची दया आली नाही. तो माझ्यासाठी खोटं बोलतोय हे ऐकून डोक्यात तिडीक गेली.

"यादी माझी होती," मी म्हटलं. बाकावरची लाइन, एकच सर्व्हर, विसरलेले पाच, सगळं सांगितलं. लेखनिकाला मध्ये दोनदा थांबा म्हणावं लागलं. "पण महिनाभर थांबा असं मास्तर सांगत असताना सोमवारीच पुसायची घाई यांची होती. तेही लिहा. एकटीवर घेणार नाही मी."

"लिहिलं," बाई म्हणाल्या.

इस्त्री हळूच म्हणाला, "याची गरज नव्हती."

"मला होती."

१३ एप्रिल, सोमवार

निकाल आला. दोघांनाही नारळ. बाईंचा नियम असा की जाणाऱ्याचं खातं त्याच दिवशी, त्यांच्या डोळ्यांदेखत बंद व्हायला हवं. आम्ही तिघं माझ्या मशीनपाशी बसलो.

"करा," बाई म्हणाल्या.

"कुणाचं आधी?" मी विचारलं.

त्यांना कळेना. इस्त्रीने समजावलं. खातं बंद करायची किल्ली आम्हा दोघांकडेच. मी त्याचं बंद केलं तर माझं बंद करायला कुणी उरत नाही. त्याने माझं केलं तर त्याचं तसंच उघडं. ज्यांना हाकलायचं त्यांतला एक तरी आत राहणारच.

"तिसरं कुणीच नाही?"

"होतं," मी आणि तो एकदमच म्हणालो.

बाईंनी फोन उचलला. तासाभराने मास्तर आले, घरच्या चपला घालून, बाहीला काकूंचा एक लाल दोरा चिकटलेला. मी त्यांचं खातं पुन्हा उभं केलं. नाव, खुर्ची, खोली, सगळी दारं, शेवटी मुख्य किल्ली. एकेक रकाना भरला, आणि भरून झाल्यावर सहाही सर्व्हरांवर पोचलं का ते बघितलं. मग इस्त्रीचं खातं बंद केलं. महिनाभर या क्षणाची वाट पाहिली होती. दोन क्लिक झाले आणि संपलं. काही विशेष वाटलं नाही.

मग मी खुर्ची सोडली आणि मास्तर बसले. माझं नाव शोधलं. हात माउसवर ठेवून विचारलं, "करू?"

"करा."

त्यांनी केलं, आणि पडद्याकडेच बघत राहिले.

खाली दार उघडेना. माझं कार्ड लावलं, लाल दिवा. त्याचं लावलं, तोच. काचेच्या दाराच्या आत आम्ही दोघंच, कुणीतरी कार्डवालं येईपर्यंत. महिनाभर याला बाहेर काढायचा ध्यास, आणि आता त्याच्या शेजारी अडकून उभी. तो म्हणाला, "मी तुमच्यावर उपकार केले असं वाटतंय का तुम्हाला?"

"हो. आणि तेच सहन होत नाही."

त्याने कार्ड पुन्हा एकदा लावून बघितलं. मग म्हणाला, "तसं काही नव्हतं. तुमच्या त्या मेलचा कागद शुक्रवारी माझ्या खिशात होता. तुम्ही बोलला नसतात तर शेवटी मीच बाहेर काढणार होतो."

"बघू."

"फाडून टाकला."

इतक्यात कुणीतरी आलं आणि दार उघडलं. तो उजवीकडे गेला, मी डावीकडे.

घरी येताना पावलं हलकी पडत होती. नवऱ्याला हे सांगितलं तर तो माझ्याकडे नुसता बघत राहिला, त्याच्या दुकानात बघतो तसा. बघू दे. इस्त्री असाच असणार हे मला पहिल्यापासून माहीत होतं. आता त्याचं माझ्यावर काहीएक नाही, आणि मला त्याचा निवांत राग करता येईल.